निवड झाली, रुजू झालो, पगार नाही. विद्यापीठाची मान्यता नेमकी मिळते कशी?

तापीकाठचा
नमस्कार मंडळी.
जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात भूगोलाचा सहायक प्राध्यापक म्हणून १ जुलैला रुजू झालो. त्याआधी सात वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, काढली. मुलाखत रीतसर झाली, समितीने निवड केली, संस्थेने नेमणुकीचा आदेश दिला. आता दिवाळी आठ दिवसांवर आली तरी एक रुपया हातात नाही. ऑफिसात विचारलं की एकच उत्तर मिळतं, "विद्यापीठाची मान्यता आली की उच्च शिक्षण सहसंचालकांकडे पाठवू." प्राचार्य माणूस चांगला आहे, पण तेही म्हणतात, "येईल, घाई करू नका."

घरी आई रोज विचारते, "नोकरी पक्की व्हयनी ना भाऊ?" तिला हो म्हणून सांगितलंय. पण खरंच पक्की झालीय का, हे मलाच माहीत नाही. मान्यता म्हणजे नक्की काय, ती कोण देतं, कशावर अडते आणि मी माझ्या बाजूने काय करू शकतो? कृपया जाणकारांनी सांगावं.

केळीबाग_रावेर
आधी अभिनंदन सर! सात वर्षांच्या तासिकेनंतर पद मिळालं, ही लहान गोष्ट नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

अधीक्षक_काका
मी धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक होतो. अठ्ठावीस वर्षं याच फायली केल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एक गोष्ट मनात पक्की करा. मान्यता आधी पदाला लागते, माणसाला नंतर. तुमची फाइल विद्यापीठात जाते तेव्हा तिथल्या माणसाला तुमच्या भूगोलाबद्दल फार विचारायचं नसतं. तो आधी बघतो की ज्या खुर्चीवर तुम्हाला बसवलंय ती खुर्ची कायदेशीर आहे का.

खुर्ची तयार होते ती कार्यभारावरून. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे. विद्यार्थी किती, तुकड्या किती, तास किती यावरून पदं ठरतात आणि शासन ती मंजूर करतं. मग येते बिंदुनामावली. कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं, हे त्या नोंदवहीत ठरतं. आधी विद्यापीठाचा मागासवर्ग कक्ष तपासतो, नंतर नाशिकला विभागीय आयुक्तांकडचा मागासवर्ग कक्ष. तो शिक्का बसला की जळगावच्या सहसंचालकांमार्फत पुण्याला उच्च शिक्षण संचालनालयाकडे ना हरकतीचा प्रस्ताव जातो. ना हरकत आली की जाहिरातीचा मसुदा विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यायचा, मग वर्तमानपत्रात जाहिरात, अर्जांची छाननी, कुलगुरूंकडे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञांची मागणी, मुलाखत, अहवाल, नेमणूक, रुजू अहवाल.

एवढं सगळं बांधून जो गठ्ठा विद्यापीठात जातो, तो तुमच्या मान्यतेचा प्रस्ताव. कुलगुरूंच्या मान्यतेचं पत्र निघालं की ते सहसंचालकांकडे जातं, वेतननिश्चिती होते, सेवार्थ या सरकारी पगाराच्या संगणक प्रणालीत तुमचं नाव चढतं, आणि मग पगार.

आता तुमचं काम. प्रस्ताव कोणत्या तारखेला विद्यापीठात दाखल झाला आणि आवक क्रमांक काय, एवढं ऑफिसातून लिहून घ्या. "पाठवला" हे उत्तर घेऊ नका. क्रमांक घ्या.

शिरपूरकर
काका, छान लिहिलंत, पण माझा एक मूळ आक्षेप आहे. निवड समितीत कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी बसतात. विषयतज्ज्ञ कुलगुरूंनी दिलेल्या यादीतले असतात. म्हणजे विद्यापीठ त्या खोलीत आधीच हजर असतं. मग त्याच विद्यापीठाने तीन-चार महिने पुन्हा तेच का तपासायचं? ज्यांनी निवडलं त्यांनीच मान्यता द्यायची असेल तर मुलाखतीच्या संध्याकाळीच द्या. पोरं घरभाडं कशातून भरतील?

अधीक्षक_काका
शिरपूरकर, तुमचा राग समजतो. पण समिती उमेदवार बघते, कागद नाही. तज्ज्ञ सकाळी येतात, बारा-पंधरा मुलाखती घेतात, गुण देतात, निघतात. बिंदू बरोबर होता का, जाहिरात नियमाप्रमाणे आली का, गणपूर्ती होती का, हे त्यांनी कुठे तपासायचं? गणपूर्तीचाच नियम बघा. पाच जण हवेत आणि तीन विषयतज्ज्ञांपैकी किमान दोन हवेतच. एक तज्ज्ञ आजारी, दुसऱ्याची गाडी चुकली, तरी मुलाखती उरकल्या, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या पोराची निवड पुढे टिकली नाही. विद्यापीठाने तपासलं नसतं तर तीच गोष्ट दहा वर्षांनी कोर्टात निघाली असती आणि त्याचं वय निघून गेलं असतं.

एवढा वेळ लागतो, ते मात्र शंभर टक्के चुकीचं आहे. तपासणीला माझा विरोध नाही, पडून राहण्याला आहे.

सातपुड्याची_लेक
नंदुरबार जिल्ह्यातून लिहितेय. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा, २०१४ ची.

तापीकाठचा सर, तुम्हाला एकदाच मान्यता घ्यायची आहे. आम्हाला दरवर्षी. दरवर्षी जाहिरात, दरवर्षी तीच मुलाखत, तेच मूळ कागद, त्याच झेरॉक्स, आणि पुन्हा विद्यापीठाची मान्यता. वर्ग सुरू होतात जुलैत, मान्यतेचं पत्र कधी डिसेंबरात, कधी जानेवारीत. पत्र येईपर्यंत बिल निघत नाही. एका वर्षी पहिला पैसा मार्चच्या अखेरीला आला. त्या वर्षी बाळंतपण झालं होतं माझं.

मानधनाचं सांगते. २०१८ ला पदवीच्या तासाला ५०० रुपये झाले, २०२३ ला ९००. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. म्हणजे महिन्याला सगळे तास भरले तर बत्तीस हजारांच्या आसपास, सुट्टी आणि परीक्षेचे दिवस त्यातून वजा होतात ते वेगळेच. शेजारच्या टेबलावरच्या पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं. वर्ग तोच, मुलं तीच. मला त्यांच्या पगाराचा हेवा नाही. पद रिकामं असूनही भरत नाहीत, याचं वाईट वाटतं.

तापीकाठचा
ताई, तुमचं वाचून माझा प्रश्न लहान वाटायला लागला. मीही त्याच रांगेतून आलोय. जानेवारीत मान्यता आणि मार्चमध्ये बिल, हे अगदी तसंच होतं.

पांझराकाठी
ताई म्हणतात ते पदं न भरण्याचं कारण जुनं आहे. २५ मे २०१७ ला शासनाने भरती थांबवली. मग नोव्हेंबर २०१८ ला रिक्त पदांच्या ४० टक्के मर्यादेत ३,५८० सहायक प्राध्यापक भरायला परवानगी दिली. त्यातली १,४९२ भरली तोवर करोना आला आणि २०२० च्या मे महिन्यात वित्त विभागाने पुन्हा बंदी घातली. उरलेल्या २,०८८ पदांना नोव्हेंबर २०२१ ला हिरवा कंदील मिळाला. हे सगळं अख्ख्या महाराष्ट्राचं आहे. त्यातली आपल्या तीन जिल्ह्यांच्या वाट्याला किती येणार?

त्यात आरक्षणाचा हिशेब विषय धरून करायचा की संस्था धरून, यावर देशभर वाद चालला. केंद्राने २०१९ मध्ये कायदा करून संस्था हेच एकक धरलं, आपल्या राज्याने २०२१ मध्ये. प्रत्येक वेळी नियम बदलला की बिंदुनामावली नव्याने लिहायची, पुन्हा नाशिक, पुन्हा शिक्का. काका जे म्हणाले की मान्यता आधी खुर्चीला लागते, त्याचा अर्थ हाच. उमेदवार दिसायच्या आधीच दोन-तीन वर्षं गेलेली असतात.

निवृत्त_मास्तर
मी १९८७ साली अमळनेर तालुक्याजवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायला लागलो. तेव्हा खानदेशातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. मान्यतेचं काही अडलं की गणेशखिंड गाठावी लागे. आमचे हेडक्लार्क फाइल पिशवीत घालून रात्रीच्या एसटीने निघत. सकाळी पुण्याच्या स्टँडवर तोंड धुवून विद्यापीठात, आणि दुपारी साहेब रजेवर असले की दुसऱ्या दिवशीपर्यंत मुक्काम. सोबत आमच्या घरून बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा.

१५ ऑगस्ट १९९० ला जळगावला आपलं विद्यापीठ झालं, तेव्हा शिक्षकांना सर्वांत मोठा आनंद कशाचा झाला असेल, तर फाइल एका दिवसात देऊन घरी परत येता येईल याचा. आज त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. गिरणेच्या पुलापलीकडे बांभोरीच्या माळावर त्या इमारती उभ्या राहताना पाहिल्या आहेत मी. म्हणून मला आज कुणी सांगतं की फाइल चार महिने जळगावातच पडून आहे, तेव्हा फार लागतं. अंतर कमी व्हावं म्हणून तर ते विद्यापीठ मागितलं होतं.

आणखी एक. माझ्या मागून १९९३ नंतर लागलेल्या मित्रांचं काय झालं ते नव्या मुलांना माहीत नसेल. नेट-सेट सक्तीची झाली, पण उमेदवारच मिळत नव्हते. म्हणून महाविद्यालयांनी बिगर नेट-सेट नेमले, विद्यापीठाने मान्यता दिल्या. पुढे वीस वर्षं तीच माणसं "तुमची सेवा धरायची कुठून" या प्रश्नावर लटकली. २०१३ ला ४ फेब्रुवारी ते १० मे परीक्षांवर बहिष्कार झाला, त्यात हाही मुद्दा होता. नंतर २७ जूनला शासन निर्णय निघाला आणि २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० मधल्या त्या शिक्षकांच्या सेवा नियमित केल्या, पण त्या निर्णयाच्या तारखेपासून. मधली वर्षं गेली ती गेलीच. त्यातला एक मित्र निवृत्त होताना मला म्हणाला, "सर, मान्यतेच्या पत्रातली एक ओळ नीट वाचली असती तर!" त्यात 'शैक्षणिक वर्षापुरती' असं लिहिलेलं होतं.

म्हणून तापीकाठच्या भाऊ, पत्र आल्यावर ते पूर्ण वाचा. मान्यता कशी दिली आहे, कोणत्या तारखेपासून, कोणत्या अटीवर.

चोपडा_एक्स्प्रेस
मास्तर, कळण्याची भाकरी आणि ठेचा वाचून भूक लागली. थंडी सुरू झाली की बामणोदच्या वांग्यांचं भरीत करू मळ्यात, या धाग्यावरच्या सगळ्यांना बोलावतो. तापीकाठच्याचा पहिला पगार त्याच्या आधी होवो.

मी_शिंदखेड्याची
माझा वेगळा प्रश्न आहे. माझी नेट आहे, पीएचडी नाही. कुणी म्हणतं २०२१ पासून पीएचडी सक्तीची, त्याशिवाय मान्यता मिळत नाही. खरं काय?

पांझराकाठी
ताई, घाबरू नका. २०१८ च्या नियमावलीत पीएचडीची सक्ती फक्त विद्यापीठाच्या विभागांतल्या सहायक प्राध्यापकासाठी होती, महाविद्यालयासाठी नव्हतीच. तीसुद्धा १ जुलै २०२१ वरून १ जुलै २०२३ वर ढकलली आणि शेवटी जुलै २०२३ मध्ये काढून टाकली. आता नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट. पीएचडी असेल तर चांगलंच.

उलट ज्यांच्याकडे नेट-सेट नाही आणि जे पीएचडीच्या जोरावर त्यातून सूट मागतात, त्यांनी जपावं. नोंदणी ११ जुलै २००९ च्या आधीची असेल तर पाच अटी पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र कुलसचिव किंवा अधिष्ठात्यांच्या सहीचं लागतं. नंतरची असेल तर २००९ च्या किंवा त्यानंतरच्या नियमावलीप्रमाणे पदवी दिल्याचा दाखला. तो दाखला नसला तर मान्यता अडते. माझ्या एका स्नेह्याची पाच महिने अडली होती.

एरंडोलचा_पोरगा
सगळे फाइल, बिंदू, शिक्का बोलताय. खरा प्रश्न कोणी बोलत नाही. मुलाखतीच्या आधी रात्री फोन येतो आणि एक आकडा सांगितला जातो. मला दोनदा आला, दोन वेगळ्या ठिकाणांहून. बापाची पाच एकर कोरडवाहू कपाशी. शेत विकलं असतं तरी आकडा भरला नसता. मी नाही म्हणालो, दोन्हीकडे यादीत दुसऱ्या क्रमांकावर राहिलो. विद्यापीठाच्या मान्यतेत हे तपासायची कुठली जागा आहे, सांगा मला.

शिरपूरकर
भाऊ, तू बोललास हे बरं केलंस. माझा आधीचा आक्षेप याच्याशीच जोडलेला होता. कागद सगळे शुद्ध असतात आणि तरीही अन्याय होतो.

अधीक्षक_काका
एरंडोलच्या पोरा, खोटं नाही बोलणार. त्या गठ्ठ्यात तशी जागा नाही. पण गुणपत्रक असतं. प्रत्येक सदस्याने प्रत्येक उमेदवाराला शैक्षणिक पात्रता, संशोधन, अध्यापनकौशल्य, मुलाखत याचे दिलेले गुण त्यात असतात. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने ते माहितीच्या अधिकारात मागावं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ज्याचे प्रकाशित लेख दुप्पट, त्याला संशोधनात निम्मे गुण असतील तर ते कागदावर दिसतं. त्यावर कुलगुरूंकडे लेखी तक्रार करता येते, पुढे उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. सोपं नाही, खर्चाचं आहे. पण मान्यता द्यायच्या आधी तक्रार दाखल असली तर तिची दखल घेतली जाण्याची शक्यता जास्त. मान्यता निघाल्यावर सगळं अवघड होतं. म्हणून निकाल लागला की गप्प बसून रडायचं नाही, त्याच आठवड्यात अर्ज टाकायचा.

शेत विकलं नाहीस, चांगलं केलंस.

विनाअनुदानित_एक
आमची कथा अजून वेगळी. कायम विनाअनुदानित महाविद्यालयात मला विद्यापीठाची रीतसर मान्यता आहे. पण पगार संस्था देते, त्यामुळे मान्यतेने माझ्या खिशात काही फरक पडला नाही. संलग्नीकरणाची समिती पाहणीला येते तेव्हा मान्यताप्राप्त शिक्षक किती, हे मोजतात. तेव्हा आमची आठवण होते. मान्यतेचा मला एवढाच उपयोग झाला की विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुकीत शिक्षक मतदार म्हणून नाव लागलं.

सातपुड्याची_लेक
हे पण मोठं आहे दादा. मला तेही नाही. अकरा वर्षं शिकवून विद्यापीठाच्या कुठल्याच यादीत मी शिक्षक म्हणून नाही.

तापीकाठचा
मंडळी, कळवतो. काकांचं ऐकून ऑफिसात क्रमांक मागितला. दोन दिवस शोधाशोध झाली. मग कळलं की प्रस्ताव ऑगस्टमध्येच दाखल झाला होता, आणि सप्टेंबरात विद्यापीठाने त्रुटीचं पत्र पाठवलं होतं. ते पत्र आमच्याच ऑफिसात, परीक्षा विभागाच्या टपालात गेलेलं. कुणी उघडलंच नाही!

सुरत-भुसावळ पॅसेंजरने आज पाळधीला उतरलो आणि विद्यापीठात जाऊन आलो. कक्षातल्या मॅडमनी फाइल काढून दाखवली. निळ्या नाडीने बांधलेली, वर आमच्या महाविद्यालयाचं नाव, आत एकेका पानाला पेन्सिलने क्रमांक. त्रुटी दोन. निवड समितीच्या अहवालाच्या तिसऱ्या पानावर, गुणांच्या तक्त्याखाली, एका विषयतज्ज्ञाची सहीच नाही. बाकी सगळ्या पानांवर आहे. आणि दुसऱ्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं पूर्ण पान जोडलेलं नाही, नुसतं कात्रण आहे, त्यामुळे तारीख दिसत नाही. एवढ्यावर अडीच महिने.

मॅडम म्हणाल्या, "आम्ही वाट बघत होतो, तुमच्याकडून कोणी आलंच नाही." खरं सांगतो, आमच्या ऑफिसचा राग आला, विद्यापीठाचा नाही.

ते तज्ज्ञ नाशिकला असतात. हेडक्लार्क भाऊ म्हणतायत, मंगळवारी मूळ अहवाल घेऊन जाऊ, सही घेऊ, आणि मुलाखतीच्या दिवसाची तारीख टाकून घेऊ म्हणजे विषय संपला. असं केलं तर चालेल ना?

अधीक्षक_काका
नाही. अजिबात नाही. मागची तारीख टाकू नका.

सही आजची, तारीख आजची. सोबत तज्ज्ञांचं दोन ओळींचं पत्र घ्या की मुलाखतीच्या दिवशी मी हजर होतो, उपस्थितीपत्रकावर माझी सही आहे, तिसऱ्या पानावर सही करायची राहून गेली ती आज करीत आहे. त्या पत्रासह प्राचार्यांच्या पत्राने त्रुटीपूर्तता पाठवा. विद्यापीठाकडच्या प्रतीत ती सही नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून कळवलंय. आता मागच्या तारखेची सही उगवली तर साधी चूक बनावट कागद होईल आणि सगळी निवड धोक्यात येईल. मूळ अहवाल नेताना त्याची प्रत ऑफिसात ठेवा. वर्तमानपत्राचं पूर्ण पान दैनिकाच्या जळगाव कार्यालयातून मिळेल, तारखेसकट.

निवृत्त_मास्तर
काकांचं तंतोतंत ऐका. आणि नाशिकला जाताना प्राचार्यांचं अधिकारपत्र जवळ असू द्या, मूळ कागद बाहेर नेताय.

तापीकाठचा
ऐकलं. सगळं तसंच केलं. तज्ज्ञ सर फार चांगले, स्वतःच म्हणाले, "माझ्यामुळे तुमचा पगार अडला," आणि पत्र स्वतःच्या हाताने लिहून दिलं. काल त्रुटीपूर्तता दाखल केली, आवक क्रमांक घेतला. मान्यता अजून यायची आहे. आईला पोच दाखवली. वाचता येत नसूनही ती बराच वेळ बघत होती, मग देवघरात ठेवून आली.

मी_शिंदखेड्याची
खूप बरं वाटलं सर. काका, माझी परवा मुलाखत आहे. निवड झाली तर समितीच्या अहवालाची प्रत उमेदवाराला मागता येते का?

अधीक्षक_काका
येते. निवड होवो न होवो, साध्या कागदावर प्राचार्यांना अर्ज द्या. नाही म्हणाले तर माहितीच्या अधिकारात. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.